मैनाबाईंच्या हातचं कडवळ

निफाडच्या बाजूला बहिरूनानांचं कडवळ, म्हणजे वैरणीसाठी पेरलेली ज्वारी, रस्त्यावरून जाणाऱ्यानं मान वर करून बघावी अशी! "आत माणूस बुडंल एवढं उंच झाल्याशिवाय इळा लावायचा नाय," हा नानांचा हट्ट. पण त्यांची गाय चंद्री पानं तेवढी खाई आणि धांडे, म्हणजे जाड ताटं, तुडवी. दूध आटत चाललं. "खोडील झालीय, इकून टाकतो," नानांनी जाहीर केलं.

मैनाबाई नानांची बायको. धार त्या काढत, वैरण त्याच टाकत. पण कडवळ कसं पेरायचं, कधी कापायचं, हे त्यांना कधीच कुणी विचारलं नव्हतं. मंडळी, आपल्या किती घरांत विचारतात?

शेजारच्या जुलेखाभाभींच्या दारात म्हशी होत्या. गाय विकणार हे ऐकून त्यांनी नानांना गाठलंच. "भाऊ, निबर भेंडी तुमी खाता का? मग गायीनं निबर धांडा का खावा? बी मुठीनं फेकता. दाटीत पिवळं पडतं, विरळात बांबूवानी जाड होतं. वर कणीस भरेस्तोवर थांबता!"

"लवकर कापलं तर वजन घटंल की!"

"उकिरड्यावर जातं त्याचं वजन कशाला धरता?"

"मग कोवळंच कापू?"

"नाय हो! गुडघाभर कोवळ्यात इख असतं, खाऊन जनावर दगावतं. निम्मा फुलोरा दिसला की कापायचं."

मैनाबाई पुढं झाल्या. "अवं, चंद्रीला इकू नका. एक हंगाम अर्धं वावर मला द्या."

नानांनी कुरकुरत दिलं. मैनाबाईंनी पाभरीनं ओळीत पेरलं आणि फुलोरा दिसताच कापलं. नाना हळहळले, "हातभर वाढलं असतं!" पण चंद्रीनं धांड्यासकट गव्हाण चाटून काढली आणि दूध वाढलं. पुढं गव्हाणीत नानांच्या वाट्याचं उंच कडवळ आलं. पुन्हा धांडे तसेच उरले, दूधही घटलं. उरलेले धांडे नानांनी स्वतःच उकिरड्यावर नेऊन टाकले.

गायीसाठी व्यापारी दारात आला, तेव्हा नाना ताठ उभे राहिले. "गाय इकायची नाय! आन् औंदापासून समदं कडवळ आमची मैना म्हनंल तसं. लय जाण हाय तिला!" मैनाबाईंनी पदरानं डोळे टिपले. नवऱ्यानं चारचौघांत असं पहिल्यांदाच म्हटलं होतं.

बंधूंनो, वैरण गायीसाठी पिकवायची असते, मिरवायला नव्हे. आणि जिचे हात गोठ्यात राबतात, तिचा शब्द शेतातही चालला पाहिजे!