टमाट्याची शुगर

मंगल कार्यालयात त्या दिवशी लग्न नव्हतं, तरी चपला पार रस्त्यापर्यंत आल्या होत्या. आत स्टेजवर, जिथं नवरा-नवरी बसतात त्या लाल खुर्चीत एक मोबाईल पालथा निजवलेला. खाली मखमल, भोवती झेंडूचा हार, मागं उदबत्ती. शेजारी प्लास्टिकच्या साध्या खुर्चीत गोरक्ष महाराज. मोबाईलपुढं आपण कोणीच नाही असं ते सारखं सांगत होते, आणि त्यांचा हा साधेपणा लोकांना लय आवडत होता.

"हा डबा नव्हे, माउली!" महाराज माईकवर म्हणाले. "पन्नास मेगापिक्सलचा डोळा आहे ह्याला. पन्नास! तुमच्या डॉक्टरला डोळे किती? दोन. त्यावरही चष्मा. ह्याची बॅटरी दोन दिवस जपाला बसवली तरी उतरत नाही. पाण्याचे शिंतोडे उडाले तरी ह्याला फरक पडत नाही. आणि चेहरा बघून उघडतो. म्हणजे काय? माणूस ओळखतो!"

लोकांनी हात जोडले. यातलं निम्मं त्या मोबाईलच्या खोक्यावरच छापलेलं असतं, पण खोक्याला कोणी हात जोडत नाही.

वत्सलाबाई पुढं झाल्या. महाराजांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले, स्वतः मिटले आणि हार जरा सारखा केला. वत्सलाबाईंनी कॅमेऱ्यावर बोट ठेवलं. कॅमेऱ्याशेजारचा फ्लॅशचा दिवा पेटलेलाच होता. बोट आतून लालभडक झालं, निखाऱ्यासारखं. आणि मोबाईल बोलला, बाईच्या गोड आवाजात: "साखर तीनशे सहा."

"अगं बया!" वत्सलाबाई म्हणाल्या आणि भस्माची पुडी घेऊन खाली उतरल्या.

ह्या गर्दीत मागच्या महिन्यात मल्हारी पण होता. आता मल्हारी म्हणजे काय अंगात आलेलं बघून लोटांगण घालणारा माणूस नव्हे. उभा जन्म ओझरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून गेला. लिंबू उतरवणारा एकजण दारात आला होता, त्याला ह्यानं लिंबाचं सरबत करून पाजलं आणि वाटेला लावलं. बाबा-बुवांवर त्याचा काडीचा विश्वास नाही. पण इथं बाबा नव्हता, यंत्र होतं. यंत्र आकडा सांगत होतं. आणि आकडा सांगतंय म्हणजे मापलेलं असणार, असं मल्हारीला वाटलं. साधूला त्यानं उंबऱ्यावर उभा केला नसता. साधू मोबाईल घेऊन आला तर ह्यानं बायकोला नेऊन रांगेत उभं केलं.

सुलाबाईला शुगर जुनीच. पहिल्या खेपेला मोबाईल म्हणाला, तीनशे बारा. पुडी खाल्ली, परत गेली. एकशे दहा! सुलाबाई हसत घरी आली आणि मल्हारीनं स्वतःच्या हातानं तिच्या गोळ्या कपाटावर टाकल्या.

तेव्हापासून तिच्या पायाच्या अंगठ्याला चप्पल चावलेली जखम काय भरून येत नव्हती. कडा काळसर झाल्या होत्या.

"आई, दवाखान्यात चला," सून योगिनी म्हणाली. ती शाळेत विज्ञान शिकवते.

"कशाला? मोबाईलनं एकशे दहा सांगितलंय."

"आई, तोच फोन माझ्याकडे आहे." योगिनीनं पर्समधून काढून ओट्यावर ठेवला. "हाच रंग. दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला. बॅटरी चांगली आहे, नाही म्हणत नाही. उन्हात फोटो झकास येतात, अंधार पडला की सगळे पिठात लोळल्यासारखे. सेल्फीत मला इतकं गोरं करतो की पोरं विचारतात, मॅडम, ही कोण? व्हिडिओ कॉल लांबला की त्याच्यावर चपाती शेकावी असा तापतो. स्पीकर तेवढा मोठा आहे. पण तो शुगर मोजत नाही."

"तुझ्यावाला सिद्ध केलेला नाय."

"बरं. आणि महाराजांचा बोलतो ना?" योगिनीनं फोनमधला नकाशा लावला.

"दोनशे मीटरवर डावीकडे वळा," फोन म्हणाला.

तोच गोड आवाज.

"मंग?" सुलाबाई म्हणाली. "देवीला काय दोन मोबाईलात बोलता येत नाय?"

योगिनीनं कपाळाला हात लावला. मग सासऱ्याकडं वळली. "आबा, बोटातून दिवा लाल दिसतो, कारण रक्त लाल रंग जाऊ देतं, बाकीचे अडवतं. ठोक्याला रक्त वाढतं-कमी होतं, तसा उजेड हलतो. त्यावरून नाडी बऱ्यापैकी मोजता येते, ते खोटं नाही. पण साखर तशी दिसत नाही. साखरेचे नुसते आकडे फेकणारी गमतीची ॲप असतात."

"नुसते आकडे फेकले असते तर पयले तीनशे बारा आणि मंग एकशे दहा, असं शिस्तीत कसं आलं?" मल्हारी म्हणाला. "गुण आला म्हनूनच ना?"

"आबा, कारखान्यात मापायचं नवं गेज आलं की आधी काय करायचा?"

"जॉबला, म्हंजे बनवायच्या भागाला, लावायचं नाय. ज्याचं माप पक्कं ठाऊक, असा ठोकळा घ्यायचा. त्याच्यावर गेज बरोबर दाखवतंय का बघायचं. मंग जॉब."

"मग इथं आधी कशावर लावून बघितलं?"

मल्हारीनं चहाचा कप खाली ठेवला.

"तुझ्या सासूवर," तो म्हणाला.

मल्हारी उठला. शेजाऱ्यानं दिलेले टमाटे टोपलीत पडले होते, पिंपळगावच्या बाजारात भाव नव्हता म्हणून. त्यातला एक लालबुंद निवडून त्यानं सदऱ्याला पुसला.

"याच्यात रगत नाय," तो म्हणाला. "एवढं पक्कं ठाऊक हाय. चल गं सुले."

"अहो, पाप लागंल!"

"लागलं तर मला लागू दे. चप्पल घाल."

सुलाबाईचा नंबर आला. मागं मल्हारी आणि योगिनी. महाराजांनी तिला ओळखलं. "ये माई! तुझा आकडा अजून उतरणार. मिटा डोळे!"

सगळ्यांनी मिटले. मल्हारीनं मिटले नाहीत. जन्मात पहिल्यांदा त्यानं महाराजांच्या हाताकडं बघितलं. हार सारखा करता करता त्यांचा अंगठा मोबाईलच्या कडेला गेला आणि तिथलं बटण दाबून आला.

मल्हारीनं सुलाबाईचा हात बाजूला केला आणि कॅमेऱ्यावर टमाटा ठेवला. टमाटा आतून लालभडक पेटला. वत्सलाबाईंच्या बोटापेक्षा झकास.

"साखर अठ्ठ्याण्णव," मोबाईल गोड आवाजात म्हणाला. "रक्तदाब एकशे अठरा, शहात्तर."

"बोला, जय!" महाराज डोळे मिटूनच ओरडले. "माई, तू पूर्ण बरी झालीस!"

"म्हाराज," मल्हारी म्हणाला, "डोळे उघडा. माई टमाटा हाय."

महाराजांनी उघडले. सगळ्या हॉलनं उघडले.

"अपमान!" महाराज उठून उभे राहिले. "अरे, टमाट्यातही जीव असतो!"

"असंल की. पर त्याचा बीपी माझ्यापरीस चांगला कसा?"

मागून कोणतरी फस्सकन हसलं. महाराज मोबाईलकडं झेपावले, पण योगिनीनं तो आधीच उचलला होता. झटापटीत पडदा बंद झाला, म्हणून तिनं तो त्यांच्या तोंडासमोर धरला. चेहरा बघून मोबाईल उघडला. माणूस ओळखतो, हे महाराज खरं बोलले होते.

"हे बघा," योगिनीनं माईक घेतला. "गमतीचं ॲप आहे. खाली इंग्रजीत लिहिलंय की हे फक्त करमणुकीसाठी, आजारासाठी वापरू नका. आवाज वाढवायचं बटण दाबलं की आकडा मोठा." तिनं टमाटा परत कॅमेऱ्याला लावून बटण दाबलं. टमाट्याला तीनशे एकोणीस शुगर झाली. "कमी करायचं दाबलं की आकडा लहान." टमाटा ताबडतोब बरा झाला, पुडी न खाता. "नवीन माणूस आला की मोठा, पुडी खाऊन आला की लहान. एवढंच."

"अहो, मग माझे तीनशे सहा?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"ते खरे किती ते रक्त तपासल्याशिवाय कोणालाच माहीत नाही, काकू."

महाराज कार्यालयाच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून पसार झाले. मोबाईल तिथंच राहिला. रांगेतला एकजण मात्र हळहळला, "आमचा नंबर आलाच होता की हो."

मल्हारी सुलाबाईला घेऊन तिथून थेट डॉक्टर अंजलीताईंच्या दवाखान्यात गेला. ताईंनी अंगठा बघितला. शुगरचं बारकं यंत्र काढलं. मल्हारीनं मध्ये हात घातला.

"ताई, राग नका मानू. पर हे यंत्र तपासलेलं हाय का?"

ताईंना राग आला नाही. त्यांनी खणातून एक चिमुकली बाटली काढली. "ह्यात किती साखर घातलीय ते कंपनीनं ठरवलेलं असतं. ह्याचा थेंब टाकायचा, आणि आकडा यंत्राच्या पट्ट्यांच्या डबीवर छापलेल्या मर्यादेत येतो का बघायचं." थेंब टाकला. मर्यादेत आला. मल्हारीनं चष्मा लावून दोनदा वाचलं.

"आता जॉब लावा," तो म्हणाला.

सुलाबाईच्या बोटातून थेंब काढला. तीनशे चाळीस.

"आणखी थोडं थांबला असता तर अंगठा काढावा लागला असता," ताई म्हणाल्या. "आता वाचेल. पण गोळ्या कोणी बंद केल्या?"

मल्हारी जमिनीकडं बघत राहिला. "म्या."

सुलाबाईनं बोटावर कापूस दाबून धरला. मग म्हणाली, "त्या मोबाईलनं एकशे दहा सांगितलं ना, तवा लय बरं वाटलं व्हतं हो."

"मला बी," मल्हारी म्हणाला.

तर मंडळी, फसतो तो काही येडा नसतो. बरं वाटावं असं प्रत्येकालाच वाटतं, आणि नेमकी तिथंच अशी माणसं खुर्ची टाकून बसतात. पूर्वी राख घेऊन बसायची, आता मोबाईल घेऊन बसतात, उद्या आणखी काही आणतील. तुम्ही एकच करा. जो सांगतो त्याला विचारा, तपासून बघू का? जो 'बघा' म्हणतो, त्याच्यापुढं खुशाल बोट धरा. जो चिडतो, तिथून चपला शोधा आणि निघा. आणि डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका.