थांब, श्वास घे, सांग

बालवर्गाच्या बाईंनी त्या सोमवारी सकाळी कपाळावर हात मारून घेतला. मुलांच्या मारामाऱ्या थांबाव्यात म्हणून बिचारीने महिनाभर घसा फोडून तीन पायऱ्या शिकवल्या होत्या: आधी थांब, मग श्वास घे, मग शब्दांत सांग. पोरांना त्या तोंडपाठ झाल्या. इतक्या, की एक पठ्ठ्या दुसऱ्याच्या छातीवर बसून "थांब! श्वास घे! सांग!" म्हणत तालात धपाटे घालत होता.

"अरे बाबांनो, हे मारण्याऐवजी म्हणायचं!" बाई ओरडल्या. "मारताना नाही!"

"पण म्हटलं ना मी," पठ्ठ्या म्हणाला. घ्या! आता काय बोलणार?

त्यात भर मिरचीची. चार वर्षांची एवढीशी पोर, पण राग आला की कडाडून चावायची. बाबा बस चालवायचे आणि एकट्याने तिला वाढवायचे. मोठ्या बाईंनी त्यांना स्पष्ट बजावलं होतं, शुक्रवारपर्यंत आणखी एक चावा, की शाळेतून नाव कमी.

"हिला कुठे ठेवू हो मी? बसमध्ये?" बाबांनी दारातच विचारलं.

मग बाई हट्टालाच पेटल्या. मिरचीच्या अगदी हात धुऊन मागे लागल्या. थांब. श्वास घे. सांग. आणि काय आश्चर्य, सोमवार बिनचाव्याचा गेला. मंगळवार गेला, बुधवार, गुरुवारही गेला.

शुक्रवारी पठ्ठ्याने मिरचीच्या हातातला ठोकळा हिसकावला. मिरचीचे गाल फुगले. बाई धावायला उठल्याच. पण पोरीने पाठ फिरवली आणि मुकाट कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

"जमलं की तुम्हाला!" दारातून बघणाऱ्या मोठ्या बाई खूश झाल्या. "राहू दे हिचं नाव."

बाई शाबासकी द्यायला कोपऱ्यात धावल्या. मिरचीच्या तोंडात तिचाच हात होता. बाईंनी तिची लांब बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत दातांचे वण, काही ताजे, काही काळेनिळे.

"अगं, हे काय गं! शब्दांत सांगायचं ना!" बाई चिडल्याच, आणि चिडल्याबद्दल त्यांना लगेच वाईट वाटलं.

"त्याला सांगितलं. तो देतच नाही," मिरची म्हणाली. "तुम्हाला सांगायला आले, तर तुम्ही म्हणालात, चुगल्या नकोत, जागेवर बस."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग, अहवालात लिहू ना, मुलगी सुधारली म्हणून?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"काही लिहू नका!" बाई खेकसल्या आणि तिथेच जमिनीवर मांडी घालून बसल्या. "ये बाळा. सांग मला."

मिरचीने बाही नीट खाली ओढली.

"सोमवारपासून सांगू?"