तांडेलाने पाठवलेला 'आ'

शीजा कुरुविळा काक्कनाडच्या एका कंपनीत लिहिण्याचं काम करायची, पण तिचं लिखाण माणसांसाठी नव्हतं. कंपनीचे एआय एजंट आलप्पुझाच्या हाऊसबोटींचं बुकिंग बघायचे आणि त्यासाठी बोटी चालवणाऱ्या तांडेलांशी चॅटवर बोलायचे. ते चॅट कसं वापरायचं, हे एजंटांना समजावणारी पुस्तिका शीजाने लिहिली होती. कुणाला काय विचारायचं, उत्तर आलं नाही तर किती थांबायचं, सगळं त्यात होतं. 'उत्तर हो असेल तर पाहुण्यांना कळवा,' असंही एक वाक्य होतं. ते लिहिताना ती जरासुद्धा अडखळली नव्हती.

एका सोमवारी रिजिल तिच्या टेबलाशी आला. चॅटचं ते टूल त्यानेच बनवलं होतं. तो तिला चेची, म्हणजे ताई, म्हणायचा.

"शीजाचेची, तुझ्या पुस्तिकेने एका आजींना पाण्यात घातलं असतं."

सरसम्मा नावाच्या निवृत्त शिक्षिका चाकाच्या खुर्चीतून फिरायला आल्या होत्या. खुर्ची चढवायला रुंद फळी आहे ना, असं त्यांच्या मुलाने आधीच विचारलं होतं. एजंटने तांडेल अंतप्पनला निरोप धाडला. उत्तर आलं, 'आ'. एजंटने मुलाला कळवलं, फळी आहे. आणि फळी नव्हती.

"मग चढल्या कशा?"

"कोण जाणे. मुलाने लिहिलंय, फळी नव्हती, पण आई खूश आहे."

इथल्या बोलीत 'आ' म्हणजे हो. तोच 'आ' खांदे उडवून जरा लांबवला, की कुणास ठाऊक. बोलताना कधी घोटाळा होत नाही. पण लिहिलेल्या अक्षराला खांदे कुठून येणार?

"त्यात काय, एक ओळ टाक," रिजिल म्हणाला. "'आ' आला तर परत विचारा."

पण शीजाला चैन पडेना. अंतप्पनला त्या वेळी नेमकं म्हणायचं काय होतं? दुसऱ्या दिवशी तिने आलप्पुझाची बस धरली.

अंतप्पन धक्क्यावर दोर गुंडाळत बसला होता. साठीचा, अंगाने काटक.

"ते सारखे प्रश्न विचारणारं यंत्र तुझंच का गं, मोळे?" लेकीला हाक मारावी तसं त्याने विचारलं.

"यंत्र माझं नाही, चेट्टा. त्याला शिकवते मी."

"मग त्याला थोडं गप्प बसायला शिकव. जेवायला बसलो की विचारतंय, पाहुणे किती, मासा कुठला!"

शीजाने फोनवर त्याचाच निरोप दाखवला. त्याने फोन लांब धरून वाचला. "आ."

"हा 'आ' कुठला?"

त्याने एकदा 'हो'सारखा म्हणून पाहिला, एकदा 'कुणास ठाऊक'सारखा. मग डोकं खाजवलं.

"खरं सांगू? मलाच कळत नाहीये. हातात सुकाणू होतं. फळी आहे का ते नंतर बघू म्हटलं, आणि तोवर काहीतरी लिहून टाकलं."

"तुमच्या घरच्या चेचीने विचारलं असतं तर?"

"बायकोने? 'आ काय आ? आहे की नाही ते बोला!' असं खेकसली असती. मग उठून बघावंच लागलं असतं."

शीजा हसली. "आणि सरसम्मा टीचर?"

"स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांतून काढलं आणि टाकलं आडवं. पुरलं नाही. मग चौघांनी खुर्चीच उचलली. टीचर वरून ओरडतायत, 'डावा पाय आधी! रांग मोडू नका!' वर्गातली पोरंच आम्ही. त्या मजेत होत्या गं, घाम मला फुटला होता."

परत आल्यावर शीजाने ते पान खोडून पुन्हा लिहिलं. समोरच्याचे हात कामात आहेत असं धरून चाला. उत्तराचे दोन अर्थ निघत असतील तर अर्थ लावू नका, सरळ पुन्हा विचारा. वस्तू आहे का एवढंच विचारू नका, ती आत्ता कुठे आहे तेही विचारा.

तिच्याकडून सगळी हकीकत ऐकत रिजिलने ते वाचलं. "एजंट तांडेलाच्या बायकोसारखा होईल की."

"तेच तर हवंय."

पुढच्या आठवड्यात चाकाच्या खुर्चीतले आणखी एक पाहुणे आले. एजंटने विचारलं, फळी कुठे आहे? अंतप्पनने शब्द न लिहिता नव्याने आणलेल्या फळीचा फोटो पाठवला. थोड्या वेळाने शीजाचा फोन वाजला.

"मोळे, काय शिकवलंस गं याला? म्हणतंय, फोटोत फळीखाली माती दिसते, ती बोटीवर चढवली का?"

"चढवली होती?"

"कुठली! धक्क्यावरच पडली होती. निघालोच होतो मी!" पलीकडून फळी ओढल्याचा आवाज आला, मग त्याचं हसणं.

शीजा रिजिलकडे गेली. "फोटोबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही. मातीकडे बघायचं त्याला कुणी सांगितलं?"

"तूच. वस्तू आत्ता कुठे आहे ते विचारा, असं लिहिलंयस ना? त्याने ते फोटोला लावलं."

शीजाने आपलंच वाक्य पुन्हा वाचलं, दुसऱ्या कुणी लिहिल्यासारखं. त्यातून एवढं निघेल असं तिला वाटलं नव्हतं. मग खुर्ची ओढून ती तिथेच बसली आणि म्हणाली, "हे वाक्य अजून कशाकशाला लावतोय तो, दाखव बघू."