धाकल्या कड्याचं बी

राजलक्ष्मीनं टेपचं टोक पानाच्या देठाशी अंगठ्यानं दाबून धरलं आणि टेप उलगडत ती उतारावरून मागं सरकली. खडकाच्या कपारीतून वर आलेल्या त्या रानकेळीचं पान वाऱ्यानं सारखं फडफडत होतं. लांबीचा आकडा तिनं दोनदा वाचला, मग पान गुडघ्यावर पसरून रुंदी घेतली. एकतीस सेंटिमीटर. शेळगावच्या या माळावरचं हे शेवटचं पान. आकडा वहीत लिहून तिनं पेनाला टोपण लावलं, तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं की वरच्या दगडावर एक म्हातारी बसली आहे आणि बराच वेळ आपल्याकडं बघते आहे.

हिरवं लुगडं, कपाळभर गोंदण, मांडीवर आडवी काठी. माळाला लागून ज्यांची वस्ती होती त्या सर्जेरावांची चुलती, साखरबाई. राजलक्ष्मी याआधी तीनदा येऊन गेली होती, पण तिन्ही वेळा म्हातारी फलटणला लेकीकडं होती. पानं मोजायला बारामतीच्या कॉलेजातल्या बाई येतात, एवढं मात्र तिच्या कानावर गेलेलं दिसत होतं.

मोजून काय करायचं, असं तिनं विचारलं, आणि राजलक्ष्मीनं जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. ही केळ खायची नव्हे, रानातली. तिला बुंध्याशी पिलं फुटत नाहीत, ती नुसत्या बीवर वाढते. एकदा व्याली की मरते. ती फक्त सह्याद्रीच्या कड्यांवर, भरपूर पावसात उगवते असं आजवर सगळे मानत आले. इथं इंदापूर तालुक्यात, एवढ्या कमी पावसात ती आपोआप आली आणि टिकली, म्हणजे ती वेगळी असणार. पानं अरुंद, केळफूल पिवळट, बी बारीक. एका जातीच्या पोटातली ही नवी उपजात असावी.

म्हातारीनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"बाकीचं तुमास्नी ठावं," ती म्हणाली. "पर आपसुक न्हाय आली ही. म्या लावल्यात."

 राजलक्ष्मीनं टेप गुंडाळायला घेतली. टेप अर्ध्यात अडकली, तरी ती बटण दाबतच राहिली.

साखरबाई सांगत गेली. तेव्हा घरात तीनशे मेंढरं होती. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरं आणि माणसांचा सगळा तांडा, घाटाकडं निघायचा आणि उन्हाळ्याच्या शेवटी परतायचा. नवऱ्याला, आबाजीला, मूतखड्याचा आजार होता. दुखायला लागलं की तो जमिनीवर लोळायचा. घाटातल्या एका बाईनं कवदरीचं बी वाटून दिलं. कवदर म्हणजे हीच रानकेळ. त्या बीनं उतार पडला. पण घाटात असताना दुखलं तर ठीक, इथं दुखलं तर काय करायचं? म्हणून एका साली तिनं पिशवीभर बी आणलं आणि या खडकात, जिथं माती धरून राहते तिथं, काठीनं भोकं पाडून टाकलं. दोन वर्षं काही उगवलं नाही. तिसऱ्या वर्षी उगवलं.

"आबाजी पुढं ईस वरसं जगलं," ती म्हणाली. "मूतखड्यानं न्हाय गेलं."

राजलक्ष्मीनं सर्जेरावांना पहिल्याच भेटीत विचारलं होतं, ही कुणी लावली का म्हणून. मी जन्मलो तेव्हापासून आहेत, असं ते म्हणाले होते. ते खोटं नव्हतं. सर्जेराव तीस वर्षांचे होते आणि म्हातारीच्या हिशेबानं केळी पस्तीस वर्षांच्या. तिनंच ते पुरेसं मानलं होतं, कारण ते मानायला तिला बरं वाटलं होतं.

एम-एटी गाडीवरून वडगाव निंबाळकरला परतताना दुतर्फा ऊस होता आणि कालव्याचं पाणी उन्हात चमकत होतं. तिला त्यातलं काही दिसत नव्हतं. बी घाटातलंच असेल तर पानं नुसत्या कोरड्या हवेनं अरुंद झाली असणार, मग नवी उपजात कसली? शोधनिबंध लिहून तयार होता. महिन्याभरात तो छापायला जाणार होता. कॉलेजातली तिची जागा चार वर्षं तात्पुरतीच राहिली होती आणि येत्या उन्हाळ्यात कायमच्या जागेच्या मुलाखती होत्या. आणि त्याहून आतली गोष्ट म्हणजे वहीच्या शेवटच्या पानावर तिनं शिसपेन्सिलीनं एक लॅटिन नाव लिहून ठेवलं होतं, शेळगावावरून बेतलेलं. ते तिनं कुणालाच दाखवलं नव्हतं.

घरी वडील, मानसिंगतात्या, ओट्यावर बसून उसाच्या बेण्याचे डोळे तपासत होते. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. मग बेण्याचं एक कांडं तिच्या हातात दिलं. ती त्यांच्या शेजारी बसली आणि एकेक डोळा अंगठ्यानं चाचपत राहिली. डोळा खराब निघाला की तात्या ते कांडं बाजूला टाकायचे. मग ते कितीही जाड, रसरशीत असो.

"एवढं चांगलं दिसतंय की," एका कांड्याकडं बघून ती म्हणाली.

"दिसतंय. पर उगवायचं न्हाय," तात्या म्हणाले. "मग लावायचं कशाला?"

दोन दिवसांनी ती पुण्याला तिचे मार्गदर्शक डॉ. खांबेटे यांच्याकडं गेली. सरांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले. चाळीस वर्षं त्यांनी वनस्पतींच्या याद्या केल्या होत्या. एका म्हातारीच्या आठवणीवर आपण एवढं काम मागं घ्यायचं का, असं त्यांनी विचारलं. लोक काहीही सांगतात. शिवाय कुणी लावली हा प्रश्न आपण निबंधात उपस्थितच केला नाही तर? खडकाळ उतारावर आढळली, एवढं लिहावं. ते तर खरंच आहे. सर वाईट माणूस नव्हते. राजलक्ष्मीच्या मुलाखतीची काळजी तिच्याइतकीच त्यांनाही होती.

"त्या खोटं बोलत नाहीत, सर," ती म्हणाली. "मला ते तिथंच कळलं होतं."

सरांनी हस्तलिखित तिच्याकडं सरकवलं. ते रागावले होते की दमले होते, ते तिला नीट कळलं नाही. बारामतीच्या एसटीत ती पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि सासवड येईपर्यंत तिनं मनाशी एक गोष्ट ठरवून टाकली. निबंध पाठवायचा नाही. पण साखरबाईची हकिकत तारीखवारासकट नीट लिहून घ्यायची. शोध नसेना का, नोंद तरी खरी राहील.

म्हणून पुढच्या रविवारी ती पुन्हा शेळगावला गेली. साखरबाई अंगणात शेळीला पाला टाकत होती. राजलक्ष्मीनं वही उघडली आणि पहिलाच प्रश्न विचारला, बी नेमकं कोणत्या कड्यावरून आणलं.

"कंचं बी?" साखरबाईनं उलट विचारलं. "धाकल्या कड्याचं का थोरल्या?"

राजलक्ष्मीचं पेन थांबलं.

"म्हणजे दोन ठिकाणचं आणलं होतं?"

"मग? एका पिशवीत दोन गाठी." म्हातारीनं हातातला पाला खाली ठेवला. "धाकल्याचं बी औषदाला. थोरल्याची पानं रुंद. जागरण-गोंधळाला माणसं जेवाया बसवायची तर पानं नकोत? ती त्या टोकाला लावली. ती धा-बारा हायत न्हवं, ती."

त्या टोकाची दहा-बारा झाडं राजलक्ष्मीला चांगली माहीत होती. पहिल्या भेटीतच तिनं ती बघितली होती. पानं पन्नास सेंटिमीटरच्या वर, केळफूल तांबूस. घाटात दिसतात तशीच. शेजारून पावसाळ्यात ओघळ वाहते, तिच्या पाण्यानं पानं रुंद झाली असावीत, असं तिनं ठरवलं होतं आणि ती मोजणीतून वगळली होती. ती धरली असती तर सरासरी बिघडत होती.

ती उठली आणि माळावर गेली. साखरबाई काठी टेकत मागून आली. राजलक्ष्मीनं त्या टोकापासून या टोकापर्यंत पावलं टाकली. साठ. ओघळ तर मधून वळून दोन्ही टोकांजवळून सारखीच जात होती. तिनं दोन्ही ठिकाणची माती हातात घेऊन कुस्करली. एकच मुरमाड, राखट माती. तेच ऊन, तोच पाऊस.

दोन्ही एकमेकांत मिसळली कशी नाहीत, हे तिनं विचारलं तेव्हा साखरबाईला प्रश्नच कळेना. मग ती म्हणाली की रुंद पानाची आखाडात फुलते आणि ही धाकली भादव्यात, ती वाळायला लागल्यावर. दरवर्षी तसंच. दोघींची गाठ पडायची कशी?

राजलक्ष्मी तिथंच खडकावर बसली. पानं अरुंद आहेत ती कोरड्या हवेमुळं की जन्मजात, या एकाच प्रश्नावर सगळं अडलं होतं. ते सिद्ध करायला दोन ठिकाणचं बी एकाच वाफ्यात शेजारी शेजारी लावायचं आणि वर्षानुवर्षं बघत बसायचं, एवढाच मार्ग होता. ते करायला आपल्याला उभा जन्म पुरायचा नाही, असं सरच एकदा म्हणाले होते. आणि ते इथं करून ठेवलेलं होतं. पस्तीस वर्षं. निगुतीनं, दोन टोकांना वेगवेगळं.

"आजी," ती म्हणाली, आणि तिनं आधी या टोकाकडं, मग त्या टोकाकडं बघितलं.

"पानी आणू का?" साखरबाईनं विचारलं.

सरांना तिनं शेजारच्या लासुर्ण्याच्या एसटीडी बूथवरून फोन लावला. तिनं सगळं सांगितलं. मग सरांनी विचारलं, किती वर्षं म्हणालीस? तिनं पुन्हा सांगितलं.

"सगळी मोज," सर म्हणाले. "वगळलेलीसुद्धा. आणि ते कडे शोध."

कडे साखरबाईशिवाय कुणाला सापडणार नव्हते. अठरा वर्षांत ती तिकडं गेली नव्हती. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, चरायला माळ उरला नाही, तशी मेंढरं विकून टाकली होती. सर्जेराव नको म्हणत होते, गुडघे साथ देणार नाहीत म्हणून. पण दिवाळी झाल्यावर एका सकाळी म्हातारी नवं लुगडं नेसून बारामतीच्या स्टँडवर हजर होती, हातात भाकरीचं गाठोडं घेऊन.

एसटीत तिनं खिडकी धरली. नीरा आली तसं ती म्हणाली, हितं पहिला मुक्काम. शिरवळच्या अलीकडं एका वडाखाली तिची थोरली लेक जन्मली होती. भोरच्या पुढं रस्ता चढायला लागला तेव्हा ती नुसती बाहेर बघत राहिली. घाटमाथ्यावर उतरून दोघी पायवाटेला लागल्या. म्हातारी सावकाश चालत होती, पण वळणावर कुठं थांबायचं ते तिला विचारावं लागत नव्हतं.

थोरला कडा समोर आला आणि राजलक्ष्मीनं तो लगेच ओळखला. दोन वर्षांपूर्वी ती इथं येऊन गेली होती. घाटातली केळ म्हणून इथलीच चाळीस झाडं मोजली होती. पुढं वाट नाही असं समजून ती इथूनच परत फिरली होती.

साखरबाईनं करवंदीची जाळी काठीनं बाजूला केली. मागं वाट होती, माणूस आडवा होऊन जाईल एवढी. तिच्यातून बाहेर पडल्यावर एक बुटका, सावलीतला कडा दिसला आणि त्याच्या प्रत्येक फटीत अरुंद पानांची केळ. काही पानं पिवळी पडू लागली होती, घड लोंबत होते. राजलक्ष्मीनं टेप काढली. पहिलं पान तिनं दोनदा मोजलं. बत्तीस. दुसरं, तीस. तिनं मान वर करून म्हातारीकडं बघितलं. साखरबाई एका दगडावर बसून गुडघे चोळत होती, आणि तिला या आकड्यांचं काहीच नवल वाटत नव्हतं.

दुपार कलताना खालून घंटांचा आवाज आला. मेंढरांचा एक वाडा कोकणाकडं उतरत होता. शेवटी घोड्यावर बिऱ्हाड लादून एक तरणी बाई चालली होती. साखरबाईनं तिला हाक मारून गाव विचारलं. ती लासुर्ण्याची निघाली, नाव म्हाळसा. मग नातं जुळायला वेळ लागला नाही. तिची आजेसासू आणि साखरबाई एका वाड्यात हिंडल्या होत्या. म्हाळसाच्या सासऱ्याला मूतखडा होता, हेही त्या बोलण्यात निघालं.

साखरबाईनं पिकल्या घडातली दोन केळी फोडली, काळं बी ओंजळीत घेतलं आणि म्हाळसाच्या पदरात टाकलं.

"धाकल्या कड्याचं हाय. वाटून दे. उरलं तर माळावर लाव, खडकात."

राजलक्ष्मीनं अडवायला तोंड उघडलं. एक जात, एक ठिकाण. ते तसं राहिलं पाहिजे, नाहीतर पुढं येणाऱ्याला काय कळणार, कुठली कुठून आली. म्हाळसानं पदराची गाठ मारली आणि घोड्याच्या दाव्याला हात घातला.

"थांबा," राजलक्ष्मी म्हणाली आणि तिनं वहीचं नवं पान काढलं. "लासुर्ण्यात कुठं लावणार, ते मला सांगाल का? आणि कधी?"

म्हाळसानं पुढं वाटेकडं बघितलं. मेंढरं वळणापलीकडं दिसेनाशी होत होती.

"जेठात परत येतू," ती म्हणाली. "तवाच लावीन. तुमीच या की बघाया."