वीस इंची नळी

लुईसटाउनच्या जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये दर मार्चला जुन्या बंदुकांचा बाजार भरतो. तिथला एक कायदा कुठे लिहिलेला नाही, पण तो सगळे पाळतात: दोघांचा सौदा चालू असताना तिसऱ्याने तोंड उघडायचं नाही. बंदूक मालकाच्या हातात परत जाईपर्यंत नाही. माल खोटा असो की भाव चोरीचा, आपण आपले बूट बघत उभं राहायचं. आर्डन ट्वेटने हा कायदा चाळीस वर्षं पाळला होता. आज तर तो त्याच्या पथ्यावरच पडला होता.

कारण पलीकडच्या टेबलापाशी लोर्ना स्ट्राउब उभी होती, आणि तिने घोंगडीतून बापाची बंदूक काढून जुन्या बंदुका विकत घेणाऱ्या ड्वेनच्या हातात दिली होती. लिव्हर ओढून भरायची शॉटगन, शंभरएक वर्षांची, नळी जेमतेम वीस इंच. ड्वेनने नळीत डोकावून पाहिलं न पाहिलं आणि मान हलवली.

"कापलेली आहे गं. मी नाही म्हणत, खुद्द आर्डनने सांगितलंय. साऱ्या माँटानाला ठाऊक आहे."

"बाबा पण तेच म्हणायचे," लोर्ना म्हणाली. "म्हणून तर आणली. घरात नजरेसमोर नको वाटते."

आर्डनने बूट बघितले.

लोर्नाचा बाप क्लिफर्ड हा आर्डनचा जिवाभावाचा मित्र. त्याच्या आजोबांची, अँटन स्ट्राउबची, एक गोष्ट तो ऐकणाऱ्याचे कान किटेपर्यंत सांगायचा. अँटन खाणीच्या पगाराच्या घोडागाडीवर राखणदार होता आणि ही आखूड बंदूक खाणीच्या कंपनीनेच त्याच्या हाती दिली होती. एकदा बर्फात गाडी उलटली. अँटन पगाराच्या पेटीवर दोन दिवस बसून राहिला. दुसऱ्या पहाटे पावलं वाजली, त्याने बंदूक रोखून 'हात वर' म्हटलं, आणि धुक्यातून गाय बाहेर आली. 'हात वर'नंतर क्लिफर्ड थांबायचा, सगळ्यांची तोंडं न्याहाळायचा, मग गाय सोडायचा.

अकरा वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये त्याने ती बंदूक मोठ्या कौतुकाने आर्डनपुढे ठेवली. भोवती पंधरावीस माणसं होती, आणि आर्डनला आपल्या नजरेचा फार तोरा. अशा बंदुकीची लांब नळी तोंडाशी आतून किंचित निमुळती असते; कापली की तो भाग जातो. ही निमुळती नव्हती. झालं, एवढ्यावर त्याने निकाल दिला. "कंपनी कसली, तुझ्या आजोबाने गोठ्यात बसून करवतीने कापलीय. गाईची साक्ष काढ." सगळे खदखदून हसले, आणि सगळ्यांत मोठ्यांदा आर्डन. क्लिफर्डही हसला. पण त्यानंतर तो बाजाराला कधी आला नाही.

आणि तीन वर्षांपूर्वी आर्डनपुढे तशीच दुसरी बंदूक आली, सोबत कारखान्याच्या जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या संग्रहालयाचा कागद. राखणदारांसाठीच्या आखूड नळ्या कारखान्यातूनच निमुळत्या न करता यायच्या. क्लिफर्डच्या बंदुकीचा नंबर आर्डनच्या जुन्या वहीत टिपलेला होता, तो त्याने गुपचूप संग्रहालयाला कळवला. महिन्याभरात पत्र आलं: नळी वीस इंच, मूळची.

ते पत्र तेव्हापासून त्याच्या बाजाराला न्यायच्या पेटीत होतं. क्लिफर्ड वृद्धाश्रमात होता, आर्डनच्या घरापासून चार गल्ल्यांवर. उद्या जाऊ, सणाला जाऊ, असं करत ऑक्टोबर आला आणि क्लिफर्ड गेला. दफनाला आर्डन पाठदुखीचं कारण सांगून घरी बसला. पाठ ठणठणीत होती.

ड्वेनने भाव सांगितला. लाकूड फोडायच्या जुन्या कुऱ्हाडीलाही त्याहून जास्त मिळाले असते. सौदा पक्का करायला लोर्नाने हात पुढे केला.

आता गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. बंदूक ड्वेनकडे जाईल, पत्र चुलीत जाईल, आर्डनचा शब्द शाबूत राहील. हे सगळं त्याच्या मनात अगदी व्यवस्थित येऊन गेलं, आणि त्याला स्वतःची किळस आली. तो पेटीतून पत्र काढून दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

"नळी कापलेली नाही. मी चुकलो होतो."

ड्वेन दातओठ खात म्हणाला, की दुसऱ्याच्या सौद्यात नाक खुपसणाऱ्याला या बाजारात पुन्हा टेबल मिळत नाही, हे निदान आर्डनला तरी सांगायला लागू नये. आर्डनने होकारार्थी मान हलवली. लोर्नाने पत्र दोनदा वाचलं. मग तिने वरची तारीख पाहिली.

"आर्डनकाका, हे तुम्हाला कधी कळलं?"

आज कळलं, म्हणायला जीभ वळत होती. पण तारीख तिच्या अंगठ्याखाली होती.

"तीन वर्षं झाली."

"तीन वर्षं," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "बाबा खिडकीशी बसायचे. तुमची गाडी रोज तिथून जायची. म्हणायचे, आर्डनला वेळ नसेल. आपले आजोबा खोटारडे होते, असं म्हणत गेले ते."

आर्डनला वाटलं, तिने चारचौघांत थोबाडीत मारावी म्हणजे सुटलो. तिने तसं काही केलं नाही. बंदूक घोंगडीत गुंडाळली, काखेत घेतली आणि समोरची खुर्ची ओढून बसली.

"पणजोबांची गोष्ट सांगा. मी लहान होते, नीट आठवत नाही. त्या बाजारानंतर बाबांनी परत कधी सांगितली नाही. त्यांच्या शब्दांत आता ती फक्त तुम्हाला येते."

भोवतीची माणसं हलली नाहीत. अकरा वर्षांपूर्वीचीही त्यांत काही होती. आर्डन सांगू लागला: खाण, घोडागाडी, बर्फ, पगाराची पेटी. क्लिफर्डचेच शब्द, त्याच क्रमाने. एकही विसरलेला नव्हता.

"...दुसऱ्या पहाटे पावलं वाजली. अँटनने बंदूक रोखली आणि म्हणाला, हात वर."

इथे क्लिफर्ड थांबायचा. आर्डनही थांबला.

"मग?" लोर्नाने विचारलं.

मग गाय होती. त्याला ठाऊक होतं. तीच गाय घेऊन तर त्याने सगळ्यांना क्लिफर्डवर हसवलं होतं. त्याने दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्हीदा तसंच मिटलं.