धुलाई भत्ता

सही घेताना कागदावर पंजा ठेवायची नाथाची खोड बनूबाईला मुळीच आवडत नव्हती. अख्खा मजकूर हाताखाली झाकायचा, वीस पैशांचं रेव्हेन्यू तिकीट तेवढं उघडं ठेवायचं आणि वर घाई करायची, की कर लवकर, शिफ्टची वेळ झाली. आईपुढं बसतोय की परीक्षेत शेजारच्यापासून पाटी लपवतोय, असं ती सुनेला ऐकवायची. सून विठा गप्प राहायची. त्या घरात बोलायची मुभा एकाच बाईला होती.

बनूबाई दोन यत्ता शिकलेली. वाचायची ती अक्षरावर बोट ठेवून, अडखळत. पण सही झोकात. खाली रेघ आणि रेघेखाली दोन ठिपके. नवरा गेल्यावर म्हशी राखून तिनं अंबरनाथात दोन खोल्या उभ्या केल्या, स्वतःच्या नावावर. त्यामुळं सहीचा कागद म्हणजे घराचा कागद, आणि घराचा कागद आपल्याशिवाय हलत नाही, या तोऱ्यात तिनं चार वर्षं सह्या ठोकल्या. नगरपालिकेचं काम आहे, असं नाथानंच सांगून ठेवलं होतं.

नाथा एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत सुपरवायझर. तिथं नवे अकाउंटंट आले होते, श्रीपादराव. फेब्रुवारीतल्या एका दुपारी त्यांची बायको उमा पत्ता विचारत दारात आली. ओट्यावर शेजारच्या दोघी तांदूळ निवडत होत्या. उमाच्या काखेत सहा साड्यांचं बोचकं होतं.

बनूबाई धोबीण इथंच राहते ना, तिनं विचारलं. आमचे हे सांगत होते, नाथा सुपरवायझरचे कपडे तुम्ही धुता, दर महिन्याला पक्की पावती देता. आमच्याही घ्या, स्टार्च जरा कमी लावा.

सुपातले हात थांबले. शेजारणींनी एकमेकींकडं बघितलं आणि पुन्हा तांदळाकडं. बनूबाईच्या तोंडावरची माशी हलली नाही. तिनं उमाला पाणी दिलं, बसवून घेतलं आणि गोड बोलून सगळं काढून घेतलं. पावती छापील असते, वर 'बनूबाई ड्रेस वॉशिंग' असं नाव असतं, खाली तिकिटावर सही. उमानं सहीचं कौतुकही केलं, यांनी मुद्दाम दाखवलेली म्हणाली, रेघ मारून दोन ठिपके देता ना तुम्ही.

मग बनूबाईनं बोचकं उचललं आणि आत नेऊन मोरीत विठापुढं टाकलं. नाथाच्या निळ्या युनिफॉर्मांतला रंग काढता काढता सोड्यानं विठाची बोटं उलली होती.

"धू," बनूबाई म्हणाली. "आणि रगत लागू देऊ नको. लोकाच्या साड्या हायेत."

नाथा संध्याकाळी आला तेव्हा तिनं त्याला चहाही पिऊ दिला नाही. तो आधी हसला, मग घसा खाकरला, मग सांगू लागला. कंपनी कपडे धुवायला भत्ता देते. तो खरोखर धुण्यावर गेला असं दाखवलं, तर त्यावर टॅक्स बसत नाही. ओव्हरटाइम धरून आपण टॅक्समध्ये येतो. आता विठा घरात फुकट धुते, तिची पावती कुठून आणायची? म्हणून त्यानं उल्हासनगर कॅम्प एकमध्ये पावतीबुक छापून घेतलं होतं. सगळेच करतात, म्हणाला.

पण आता फास बसला होता. दुसऱ्या एका कामगाराच्या पावत्यांवरचा धोबी दोन वर्षांपूर्वीच मेलेला निघाला. तेव्हा श्रीपादरावांनी हुकूम काढला की शनिवारी प्रत्येकानं आपापला धोबी ऑफिसात आणून उभा करायचा. खोटा निघेल त्याला घरी बसवणार. नाथानं आईचे पाय धरले. दोन शब्द बोलून ये म्हणाला, एवढी नोकरी वाचव.

बनूबाईनं पाय सोडवून घेतले नाहीत. तिनं एकच विचारलं.

"माझंच नाव का घातलंस? बायकोचं का न्हाई?"

सोपा प्रश्न आला म्हणून नाथाला हायसं वाटलं. "विठाचं नाव फंडाच्या फॉर्मवर हाय, आये. पोरांची दवाखान्याच्या फॉर्मवर. तुझं नाव कंपनीत कुठंच दिल्यालं न्हाई. त्यामुळं कुणाला संशय यायचा न्हाई."

तिनं ते त्याच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. पहिल्या खेपेला नीट ऐकू आलं नाही म्हणाली. कान तिचे शाबूत होते.

शनिवारी ती ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून निघाली. ऑफिसात तिघं धोबी भिंतीला टेकून उभे होते. बनूबाई त्यांच्या रांगेत उभी राहिली. आयुष्यात कुणाच्या दारात ती अशी ताटकळली नव्हती. खुर्ची रिकामी होती, पण बस असं कुणी म्हटलं नाही. श्रीपादरावांनी कोऱ्या कागदावर सही करायला लावली, पावतीवरच्या सहीशी ताडून बघितली. कपडे किती दिवसांनी येतात, रंग कशानं काढता, पैसे वेळेवर मिळतात का. तिनं पटापट सांगितलं. सोडा किती, पाणी किती ऊन, सगळं. विठाला दहा वर्षं हेच तर शिकवलं होतं.

"आणि नाथा तुमचा कोण लागतो?" श्रीपादरावांनी सहज विचारलं. "नात्यातलं कुणी असलं तर चालत नाही."

नाथा दारात उभा होता. बनूबाईनं त्याच्याकडं निवांत बघून घेतलं.

"कोन न्हाई, सायेब. गिऱ्हाईक हाय."

शिक्का बसला. नाथाची सुपरवायझरी वाचली. बाहेर आल्यावर तो नुसता उधळला होता. रिक्षा करू म्हणाला, पेढे घेऊ म्हणाला, काय बोललीस आये, पापणीसुद्धा हलली नाही तुझी. ती पुढं चालत राहिली. एमआयडीसीपासून घरापर्यंतचा रस्ता तिनं उन्हात पायी तुडवला आणि तो मागं मागं बडबडत आला.

घरी पोचल्यावर तो ओट्यावर वाकून बुटाची नाडी सोडायला लागला. बनूबाई आत गेली, वळली आणि दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभी राहिली. आतून विठा बघत होती. शेजारणी सूप घेऊन तिथंच होत्या, आणि त्यांनाही नीट कळावं म्हणून बनूबाईनं आवाज न चढवता एकेक शब्द सुटा केला.

"नाडी बांध, नाथा. गिऱ्हाईक उंबऱ्याच्या आत येत न्हाई. शनिवारच्या शनिवारी कापडं वट्यावर ठेवायची, धुऊन मिळतील, पावतीबी मिळंल. विठा आनि पोरं हितंच ऱ्हातील, धुनं तिलाच करायचंय. तू तुझी खोली बघ. सायेबापुढं मी खोटं बोलले न्हाई. तुझी आई असते, तर तुझ्या एका तरी कागदावर असते."