आबांच्या खिशातला कान

मित्रांनो, माझी हकीकत एका पत्रापासून सुरू होते. आलेल्या पत्राला माणसे उत्तर देतात. या पत्राला कित्येक वर्षे उत्तर गेले नाही; त्याऐवजी मी आले.

मी एक जुने श्रवणयंत्र आहे. कमी ऐकू येणारी माणसे कानात घालतात, ते. रंगाने गव्हाळ, आकाराने अर्ध्या खारकेएवढे. मला हे सगळे नीट सांगता येईल की नाही, याची शंकाच आहे. जन्मभर मी दुसऱ्यांचे बोलणे पुढे पोहोचवले. स्वतः बोलायची ही पहिलीच वेळ. चुकले तर सांभाळून घ्या.

ज्यांच्यासाठी मी घडले ते लीलाधर आबा फैजपूरचे. धंदा बैलांच्या दलालीचा. चोपडा, अमळनेर, पारोळा, धुळे असे बाजार ते मोटारसायकलवरून करत. डोक्याला नुसता रुमाल, कानांवर वारा आणि खाली फुटके सायलेन्सर. अशी वर्षे गेली आणि त्यांचे कान हळूहळू गेले. पण ते कुणालाच कळले नाही. त्याचे कारण बैलबाजाराच्या रीतीत आहे. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघे एकमेकांचा हात धरतात, वर उपरणे टाकतात आणि आत बोटे दाबून सौदा करतात. बाजूला उभ्या असलेल्याला काही समजत नाही. तेव्हा बहिऱ्या माणसाचे तिथे काही अडत नाही. उलट आबा कमी बोलतात, पक्का माणूस आहे, असे नाव झाले.

घरी मात्र ही रीत चालत नव्हती. त्यांची मुलगी ऋतिका धुळ्याला दिलेली. ती फोन करी तेव्हा आबा सगळ्याला ‘हो हो, बरं बरं’ म्हणत. ताप आहे म्हटले तरी ‘छान छान’. तिची मुलगी भूमिका तेव्हा दुसरीत होती. आजोबांना ऐकू येत नाही हे सगळ्यांत आधी तिला कळले, आणि तिने ते कुणाला सांगितले नाही. सुटीत आबा तिला गाडीवर मागे बसवून फैजपूरला नेत. दोघांनी मिळून बाजारासारखी बोटांची खूण ठरवली होती. तिने उजव्या खांद्यावर बोट टेकवले की उजवीकडून गाडी येते आहे. डाव्या खांद्यावर टेकवले की डावीकडून. आबांना या युक्तीचे कौतुक वाटे.

एका उन्हाळ्यात पारोळ्याच्या पुढे भूमिकेला आबांच्या पाठीवर डोके टेकून झोप लागली. मागून ट्रक हॉर्न देत होता. खांद्यावर बोट आले नाही, म्हणून आबांनी रस्ता मोकळा समजून गाडी उजवीकडे घेतली. ट्रकवाल्याने कशीबशी गाडी वाचवली. आबा आणि भूमिका बाभळीच्या झुडपात पडले. भूमिकेचा हात मोडला. घरी आबांनी सांगितले, कुत्रे आडवे आले.

त्यानंतर ऋतिकाचे पत्र आले. फोनवर काही पोहोचत नाही म्हणून तिने लिहिले होते.

‘ती. आबा, कुत्रं आलं नव्हतं, मला कळलं आहे. भूमिका प्लास्टरचा हात घेऊन सगळ्यांना सांगत फिरते, चूक माझी आहे, मला झोप लागली. आठ वर्षांच्या पोरीला तुम्ही तुमचा कान केलंत. ती आता तुमच्या गाडीवर बसणार नाही. तुम्ही काय करणार आहात ते कळवा.’

आबांनी ते वाचले, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवले. उत्तर लिहायला ते पुष्कळदा बसले. ‘चि. ऋतिका’ लिहून झाले की पेन थांबे आणि ते कागद फाडून टाकत. पुढे मीही त्याच खिशात राहायला गेले, म्हणून ते पत्र मला पाठ आहे.

माझा जन्म असा झाला. आबा गुपचूप जळगावला गेले. तिथे नूतनताई कानांची तपासणी करतात. आबांना काचेच्या खोलीत बसवून त्यांनी बारीकमोठे आवाज ऐकवले आणि कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवली. त्या समोर बसून मोठ्याने, सावकाश बोलत, म्हणून आबांना त्यांचे बोलणे कळत होते.

आबा म्हणाले, “ताई, कुणाला दिसणार नाही असं द्या. आणि एकच पुरे.”

“गाडीवर फिरता ना? मग दोन लागतील. एका कानाने हॉर्न ऐकू येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. आणि ते अगदी आत लपणारं तुमच्या कानाला पुरायचं नाही. त्याची बॅटरी ज्वारीच्या दाण्याएवढी. तुमच्या बोटांत धरवेल का?”

“मग कानामागे अडकवायचं असतं ते?”

“ते चांगलंच असतं. पण तुम्ही घाईत हेल्मेट ओढून काढणार, आणि ते गेलं रस्त्यावर. आहे का हेल्मेट?”

“नाही.”

“नाही?” ताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. “आधी हेल्मेट घेऊन या. समोरून उघडणारं. मग कानाचं बघू.”

आबा हेल्मेट घेऊन आले. ताईंनी त्यांच्या कानांत मऊ लगदा भरून साचे घेतले आणि त्या साच्यांवरून मी आणि माझे डावे भावंड तयार झालो. मित्रांनो, मी जगातल्या दुसऱ्या कुठल्याही कानात बसणार नाही. आबांच्या उजव्या कानाची प्रत्येक वळी माझ्या अंगावर उमटलेली आहे. याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला.

हेल्मेट चढवले तेव्हा मी कर्कश शिटी वाजवली. आबा दचकले. ताईंनी मला काढून एका बाजूने घासले, पुन्हा बसवले, पुन्हा हेल्मेट घालायला लावले. शिटी थांबेपर्यंत त्यांनी सोडले नाही. मग सांगितले, “वाऱ्याचा गोंगाट होईल, तेव्हा हे बटण दाबा. घोंघावतं म्हणून काढून ठेवू नका. हेल्मेट दोन्ही हातांनी फाकवून, सावकाश काढा. घरी गेल्यावर घाम पुसून या डबीत ठेवा. आणि आबा, कान मिळाले म्हणून गाडीच्या आरशात बघायचं सोडू नका. खिशात तर ठेवूच नका.”

आबांनी मान डोलावली. त्या वेळी त्यांना सगळे ऐकू आले होते, म्हणून जास्त वाईट वाटते.

पहिल्या प्रवासात आम्ही दोघांनी जिवापाड काम केले. यावलच्या रस्त्याला आबांनी गाडी थांबवली, खाली उतरून चेनकडे पाहिले आणि पुटपुटले, “बिचारी इतकी वर्षं अशी रडत होती?” तेल पाजून ते पुढे निघाले. केळीच्या बागेतली सळसळ, मागच्या रिक्षाचा भोंगा, बैलगाडीची कुरकुर, सगळे त्यांनी ऐकले. मला वाटले, आता उत्तर लिहितील.

पण पारोळ्याच्या बाजारापाशी आबांनी गाडी उभी केली, तोच घात झाला. रतिलाल नावाचा दुसरा दलाल दुरूनच हात करत येत होता. तोंडाने फार तिखट. त्याने कानात काही पाहिले तर बाजारभर करील, या भीतीने आबांनी हेल्मेट एका हाताने हिसकले. मी त्यांच्या मुठीत आले. माझे भावंड निसटून जमिनीवर पडले.

आबांनी ते पाहिले. वाकून उचलायचे एवढेच काम होते. पण वाकले तर रतिलाल विचारणार, काय शोधता? म्हणून ते तसेच उभे राहिले. उभ्या उभ्या पायानेच चपलेचा अंगठा नीट केल्यासारखे केले.

“काय आबा, आज उशीर?” रतिलाल म्हणाला.

“हो हो,” आबा म्हणाले.

एक खिल्लारी गोऱ्हा तिथून गेला. शेणमातीत कट्ट असा आवाज झाला. तो मी मुठीतून ऐकला. आबांनी ऐकला नाही. गोऱ्ह्याचा खूर उचलला गेल्यावर त्यांनी एकदा खाली पाहिले आणि रतिलालबरोबर चहाला गेले.

मित्रांनो, तेव्हापासून मी खिशात पडले. घरात कुणी नसेल तेव्हा आबा मला घालत, रेडिओ ऐकत आणि दार वाजले की काढून ठेवत. हेल्मेट मात्र रोज घालत. त्यात कान झाकले जात, म्हणून त्यांना ते आवडू लागले होते. बहिरा माणूस हेल्मेट घालून आणखी बहिरा होऊन महामार्गावरून जात होता आणि त्याचा कान त्याच्याच खिशात, पत्राशेजारी, तंबाखूच्या पुडीला चिकटून पडला होता. माझ्या अंगावर घामाचे डाग पडले. मला आबांचा राग आला का? आला. पण त्यांच्या छातीची धडधड मला तिथे ऐकू येई. शरमेने ती किती वाढते हे मला जितके माहीत आहे तितके कुणाला नसेल.

भूमिका सहावीत गेली तेव्हा आबा एकदा धुळ्याला जेवायला गेले. त्या दिवशी घाईत माझी बॅटरी बंद करायची राहिली होती. भूमिका त्यांच्याशेजारी बसली, त्यांचे उपरणे ओढून दोघांच्या हातांवर पसरले. आबा हसले. मला वाटले, लाडाने.

“आबा, गाडीवरच आलात का?” ऋतिकाने वाटीत आमटी वाढत विचारले.

उपरण्याखाली एक बोट दाबले गेले.

“हो,” आबा म्हणाले.

“उन्हाचं कुठं थांबलात की नाही?”

एक बोट. “हो.”

“कानाच्या डॉक्टरकडे गेला होतात?”

एक बोट. “हो.”

“मग यंत्र घालता ना रोज?”

या वेळी बोटे जरा थांबली. मग एक बोट दाबले गेले.

“हो हो.”

ऋतिकाने आमटीचे भांडे खाली ठेवले आणि उपरणे उचलले. खाली सुरकुतलेला हात आणि त्यात मुलीचा हात, बोटे अजून दाबलेली. भूमिकेचा हाच हात पूर्वी मोडला होता.

“भूमिका, हे काय चाललंय?”

“आई, आबांना ओरडू नको. त्यांना ऐकू येत नाही, मग ते भलतंच बोलतात आणि बाबा हसतात. मी फक्त हो म्हणायचं की नाही ते सांगते.”

ऋतिकाचे यजमान हितेंद्र ताटात बघू लागले. ऋतिका आबांकडे वळली. ओरडून नव्हे, अगदी हळू म्हणाली, “आबा, ही अजून तुमचीच नोकरी करतेय.”

हे वाक्य भूमिकेने बोटांनी सांगितले नाही. तिने हात काढून घेतला.

“काय म्हणाली?” आबांनी विचारले. मग ते भूमिकेकडे वळले. “काय म्हणाली गं आई?”

भूमिकेने मान खाली घातली. आबा एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग त्यांचा हात खिशात आला. मला तंबाखू लागलेली होती. ती त्यांनी उपरण्याला पुसली आणि सगळ्यांच्या देखत मला कानात बसवले. मी शिटी वाजवली. कुणी हसले नाही.

“आता म्हण,” ते ऋतिकाला म्हणाले.

“जाऊ द्या आबा.”

“म्हण. मला ऐकायचंय.”

तिने तेच वाक्य पुन्हा म्हटले. आबांनी ते पूर्ण ऐकले. मी त्यातला एक शब्दही कमी केला नाही. माझ्या आयुष्यातले सगळ्यांत कठीण काम तेच. त्यांनी उपरणे घडी करून बाजूला ठेवले आणि जेवण संपेपर्यंत जे कळले नाही ते “पुन्हा सांग” म्हणून विचारत राहिले.

परतताना ते जळगावला थांबले. नूतनताईंनी माझी अवस्था पाहून कपाळाला हात लावला. “आणि दुसरं? हरवलं?”

“हरवलं नाही ताई,” आबा म्हणाले. “डोळ्यांदेखत बैलाच्या पायाखाली जाऊ दिलं.” आणि त्यांनी सगळे सांगितले. ताईंनी मला साफ केले, डाव्या कानाचा पुन्हा साचा घेतला. नवे भावंड आले. ते माझ्यापेक्षा तरतरीत आहे. जुन्याची आठवण मी त्याला अजून सांगितलेली नाही.

पुढच्या बाजारी आबांनी हेल्मेट दोन्ही हातांनी, सावकाश काढले. रतिलालने पाहिलेच.

“काय आबा, कानमा काय घालेल शे? रेडिओ शे का?”

“मशीन शे. माले आयकू येत नव्हतं.”

“आं? कवयपासून?”

“लई वरीस झाले. तू शिव्या देत व्हता त्याबी आयकू येत नव्हत्या. आते दे.”

सगळा बाजार हसला. ‘रेडिओ आबा’ हे नाव पडले ते आजही आहे. एक जुने गिऱ्हाईक त्या दिवशी दुसऱ्या दलालाकडे गेले. आबांचा चेहरा लाल झाला, पण हात कानाकडे गेला नाही.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच. तुमच्या घरी कुणाला कमी ऐकू येत असेल तर मागून ओरडू नका, समोर येऊन बोला. त्यांची फजिती झाली तर हसू नका. पण त्यांच्या वतीने ‘हो’ही म्हणू नका, भूमिकेने ते मायेने केले आणि त्या मायेआड आबा वर्षानुवर्षे लपले. आम्हा यंत्रांचा घाम पुसा, डबीत ठेवा. आम्ही खिशासाठी घडलेलो नसतो.

त्या आठवड्यात आबा पुन्हा लिहायला बसले. ‘चि. ऋतिका’च्या पुढे पेन थांबले, पण या वेळी कागद फाटला नाही.

‘तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मला लाज वाटत होती. कुत्रं आलं नव्हतं. चूक भूमिकेची नव्हती, हे तिला माझ्या नावाने वाचून दाखव. तिला गाडीवर पाठव असं मी म्हणत नाही. बैल घेणारा आधी स्वतः जुंपून बघतो. तसं आधी तू माझ्या मागे बस. धुळ्याहून पारोळ्यापर्यंत. खांद्याला हात लावू नकोस, काही सांगू नकोस. मला हॉर्न ऐकू येतो की नाही ते तूच बघ. नाही पटलं तर गाडी तिथेच उभी करीन आणि आपण एसटीने परत येऊ. लीलाधर.’

फैजपूरच्या टपालपेटीजवळ आबांनी गाडी बंद केली, हेल्मेट काढले, आम्हा दोघांना बोटाने चाचपून पाहिले. पाकीट फटीत अर्धे घालून ते जरा थांबले. मग सोडले. पेटी रिकामी असावी. आत कागद पत्र्यावर पडल्याचा आवाज झाला, अगदी बारीक, आणि आबांनी तो ऐकला.